टर्बो गाडीचे दात

सकाळचे सात वाजले होते. हैदराबादच्या बाहेरच्या अंगाला जुन्या गाड्यांच्या एका आवारात आम्ही उभे होतो. देगलूरहून रात्री तीनला निघालो होतो. चुलतभाऊ गाडीच्या लाल रंगावर खूश होता. त्याने आतली स्क्रीन लावून बघितली, सीटवर हात फिरवला, डिकी उघडली. मी तेवढ्यात बोनेटवर तळहात ठेवला. पत्रा कोमट होता. डिसेंबरातल्या थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा गारठलेला असायला हवा. आम्ही पोहोचायच्या आधी कुणीतरी इंजिन गरम करून ठेवलं होतं.

गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. मीटरवर ३८,००० किलोमीटर. किंमत आमच्या आवाक्यातली. तरी आम्ही ती सोडली. परतीच्या वाटेवर भाऊ म्हणाला, "दादा, नुसता पत्रा गरम लागला म्हणून एवढी चांगली गाडी सोडायची?" त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नव्हतं. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

आपल्या भागात बैल घेताना कुणी नुसता रंग बघत नाही. देवणी असो की लाल कंधारी, आधी तोंड उघडून दात बघतात: दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. मग चालवून बघतात, खूर बघतात, औताला जुंपून बघतात. माळेगावच्या यात्रेत विकणारा कितीही गोड बोलला तरी घेणारा दात बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. पाच-सात लाखांच्या गाडीलाही तेवढी तरी पारख लागतेच. फक्त टर्बो गाडीचे दात कुठे असतात ते माहीत हवं.

तीन राज्यांच्या तोंडावर

देगलूर नांदेड जिल्ह्याच्या टोकाला आहे. एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातला बीदर जिल्हा. संगारेड्डीहून नांदेडमार्गे अकोल्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ गावाजवळून जातो. नांदेड सुमारे ८० किलोमीटर, हैदराबाद सुमारे २००. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे दवाखाना, लग्नाचा बस्ता, सोनं यांसाठी हैदराबाद गाठणं इथल्या माणसाला परकं वाटत नाही. जुनी गाडीही त्याच वाटेने येते. मोठ्या शहरात गाड्या जास्त, निवडीला वाव जास्त आणि भावही थोडा उतरलेला. म्हणून देगलूरच्या रस्त्यावर एमएच २६ च्या शेजारी केए ३८, टीएस आणि मार्च २०२४ पासून सुरू झालेली टीजी अशा सगळ्या पाट्या दिसतात.

पण शहरातल्या गाडीचे किलोमीटर आणि आपल्याकडच्या गाडीचे किलोमीटर सारखे नसतात. हैदराबादच्या गर्दीत सरासरी ताशी २० किलोमीटरने चाललेल्या गाडीचं इंजिन ४०,००० किलोमीटरसाठी २,००० तास फिरलेलं असतं. देगलूर-नांदेड रस्त्यावर ताशी ५० च्या सरासरीने तेवढंच अंतर कापलेल्या गाडीचं इंजिन फक्त ८०० तास फिरतं. मीटर दोघांचा आकडा सारखाच दाखवतो, झीज मात्र अडीचपट तासांची. अनेक गाड्यांच्या स्क्रीनवर आतापर्यंतचा सरासरी वेग दिसतो. तो पुन्हा शून्यावर आणता येतो हे खरं, पण आणलेला नसेल तर मीटरपेक्षा तोच जास्त सांगून जातो.

लहान इंजिनात टर्बो का आला

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. अट अशी की पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वर नको आणि डिझेल १५०० च्या वर नको. पुढे जीएसटीतही हीच रेघ राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तोही याच मापाने. गिऱ्हाइकाला उंच, जड, एसयूव्हीसारखी गाडी हवी आणि इंजिन तर १२०० च्या आतच ठेवायचं. या पेचातून सुटण्याची वाट टर्बोने दिली.

सुरुवात २०१३ मध्ये झाली. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आणि फोर्डची १ लिटर इकोबूस्ट असलेली इकोस्पोर्ट त्याच वर्षी आल्या. २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन आणि मारुतीची बलेनो आरएस, २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३००, २०२० मध्ये किया सोनेट, नवी आय २० आणि निसान मॅग्नाइट, २०२१ मध्ये रेनो कायगर, स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगून. मधल्या काळात एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं. मारुतीने आणि फोक्सवॅगनने डिझेल बंद केलं. डिझेलच्या ओढीची सवय झालेलं गिऱ्हाईक मग टर्बो पेट्रोलकडे वळलं. त्या वेळी घेतलेल्या गाड्या आता पहिल्या मालकाच्या हातून सुटून बाजारात येत आहेत. म्हणून हा प्रश्न आज आपल्या दारात उभा आहे.

लिंबाएवढं चाक

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. कल्पना साधी आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात जोर असतो, तो वाया का घालवायचा? धुराच्या वाटेत एक पंख्यासारखं चाक ठेवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं.

फरक किती पडतो ते व्हेन्यूच्या दोन इंजिनांत दिसतं. साधं १.२ लिटरचं इंजिन ८३ पीएस ताकद आणि सुमारे ११५ न्यूटन मीटरची ओढ देतं, तीही ४,००० फेऱ्यांच्या आसपास. १ लिटरचं टर्बो इंजिन १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर देतं, आणि ही ओढ १,५०० फेऱ्यांपासूनच मिळते. चार माणसं, मागे सामान आणि समोर घाट असेल तेव्हा हा फरक पायाखाली कळतो.

ही ओढ फुकट मिळत नाही. लहान टर्बोचं चाक लिंबाएवढं असतं आणि मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या मारतं. म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण जोरात ९५० अंशांच्या घरात जातो, डिझेलच्या धुरापेक्षा बराच गरम. एवढ्या वेगात तो दांडा कशावर टेकलेला असतो? तेलाच्या पातळ थरावर. धातू धातूला लागत नाही, मध्ये फक्त तेल असतं. तेल घट्ट झालं, घाण झालं, कमी पडलं की तो थर फाटतो आणि दांडा खायला लागतो. जोरात पळवलेली गाडी थांबवून लगेच किल्ली फिरवली तर टर्बोत अडकलेलं तेल जागच्या जागी करपतं. तव्यावर तेल जळून काळा थर बसावा तसा कोळसा बारीक नळ्यांत बसतो. आताच्या बहुतेक टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, त्यामुळे हा धोका कमी झाला आहे, पण संपलेला नाही.

दुसरं दुखणं आणखी कमी लोकांना माहीत आहे. डिझेलवर हात बसलेले चालक ॲव्हरेजसाठी वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर गाडी ओढत नेतात. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. तेलाचे थेंब आणि काजळी त्याला निमित्त होतात. एकच जबर ठोका बसला तरी पिस्टनची कड तुटू शकते. हा प्रकार इतका खरा ठरला की तेलाचे दर्जे ठरवणाऱ्यांना २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी असे नवे दर्जे आणावे लागले. डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं तेल या इंजिनांसाठीच्या चाचण्या पार करून आलेलं असतं.

हे सगळं ध्यानात घेतलं की एक गोष्ट पक्की होते. टर्बो पेट्रोल इंजिन तेलावर आणि उष्णतेच्या निचऱ्यावर जगतं. साधं इंजिन मालकाची हयगय बरीच वर्षं पोटात घालतं, टर्बो घालत नाही. म्हणून जुन्या टर्बो गाडीचा भरवसा तपासायचा म्हणजे तिच्या तेलाचा इतिहास तपासायचा. बाकी सगळ्या खुणा त्या इतिहासाच्याच आहेत.

आधी इंजिनाचं कुळ विचारा

गाडी बघायला जाण्याआधी घरी बसून तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली: टायमिंग कशावर चालतं, चेन, कोरडा पट्टा की तेलात भिजलेला पट्टा? चेन असली म्हणजे जन्माची निश्चिंती, असं समजू नये. फोक्सवॅगनच्या जुन्या १.२ टीएसआय इंजिनातली चेन ताणली जाण्याच्या तक्रारी युरोपात गाजल्या, आणि पुढच्या पिढीत कंपनी पट्ट्यावर आली. कोरडा पट्टा ठरल्या वेळी बदलला की काम भागतं. खरी जोखीम तेलातल्या पट्ट्याची. फोर्डच्या १ लिटर इकोबूस्टमध्ये असा पट्टा होता. हे इंजिन २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं जगातलं सर्वोत्तम इंजिन म्हणून गौरवलं गेलं होतं. पण चुकीचं किंवा जुनं झालेलं तेल पट्ट्याचं रबर खातं, त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात आणि तेलाचा दाब पडतो. मग टर्बो आणि इंजिन एकदमच जातात. युरोपातल्या मूळ वेळापत्रकात हा पट्टा दहा वर्षं चालेल असं धरलं होतं. आपल्याकडे २०१३ मध्ये विकलेल्या गाड्यांची दहा वर्षं होऊन गेली. फोर्डने भारतातलं उत्पादन सप्टेंबर २०२१ मध्ये थांबवायचं ठरवलं, त्यामुळे अशी गाडी स्वस्तात दिसते. पट्टा बदलल्याचं बिल असेल तर ती गाडी बघावी. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून आधी वजा करावा, आणि गाडी घेतल्या घेतल्या पट्टा बदलावा.

दुसरी: पेट्रोल कुठे फवारलं जातं? नेक्सॉनच्या १.२ रेव्होट्रॉनसारख्या इंजिनात ते व्हॉल्व्हच्या आधी, नळीत फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात. व्हेन्यू, सोनेट, कुशाक, बलेनो आरएस यांच्या इंजिनांत फवारा थेट सिलिंडरमध्ये होतो. ओढ आणि ॲव्हरेज चांगलं मिळतं, पण व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी साचत जाते आणि उच्च दाबाचा पंप हा एक महाग भाग वाढतो. यात एक प्रकार चांगला आणि दुसरा वाईट असं नाही. काय तपासायचं ते मात्र बदलतं.

तिसरी: गिअरबॉक्स कुठला? ड्युअल क्लच असलेल्या गाड्या शहराच्या गर्दीत इंच इंच सरकवल्या की कोरडे क्लच तापतात. अनेकदा इंजिन ठणठणीत असतं आणि मालक गाडी विकतो ती गिअरबॉक्सच्या भीतीने. हैदराबादच्या गाडीत हे आवर्जून बघावं.

बिलांचा गठ्ठा

आता तेलाचा इतिहास. मालकाकडे "सर्व्हिस वेळेवर केली का?" असं विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. बिलं मागा. प्रत्येक बिलावर तीन गोष्टी बघा: तारीख, किलोमीटर आणि तेलाचा दर्जा. बहुतेक कंपन्यांचं वेळापत्रक १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं असतं. "गाडी फार चालतच नाही" म्हणून दोन वर्षं तेल न बदललेली गाडी टर्बोच्या हिशेबाने हेळसांड झालेली गाडी आहे. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट गरम होत नाही, न जळालेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं.

गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापराचं वेगळं पान असतं, ते फारसं कुणी उघडत नाही. धूळ, कडक ऊन, छोट्या फेऱ्या, उभ्या गाडीत एसी लावून इंजिन चालू ठेवणं, असा वापर असेल तर तेल बरंच लवकर बदला, असं तिथे लिहिलेलं असतं. ही यादी वाचताना आपल्याच तालुक्याचं वर्णन वाचतोय असं वाटतं. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो. काढणीच्या दिवसांत गाडीवाटेवरची काळ्या मातीची धूळ हवेत तरंगत राहते. मोंढ्यात मालाचा सौदा होईपर्यंत तास-तासभर एसी चालू असतो. एअर फिल्टर नीट बसलेला नसेल तर ही धूळ आधी टर्बोच्या हवेकडच्या चाकावर जाते आणि त्याच्या पात्यांच्या कडा खाते. म्हणून फिल्टरचा डबा उघडून बघा. फिल्टरच्या पलीकडच्या, स्वच्छ बाजूला बोट फिरवा. तिथे माती लागली तर पुढे बघण्यात अर्थ नाही.

हात, नाक, कान

आता आमच्या लाल गाडीकडे येतो. इंजिन गार असताना सुरू केलं की ते सगळं खरं बोलतं. रात्रभर तेल खाली उतरलेलं असतं. चेन ढिली असेल तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत खुळखुळ्यासारखा आवाज येतो. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर पहिल्याच धुरात निळी झाक दिसते. गरम इंजिनात हे सगळं झाकलं जातं. म्हणून आधीच फोन करून सांगावं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर आधी बोनेटला हात लावावा.

सुरू करण्याआधी तेलाची पट्टी काढा. ती पांढऱ्या फडक्यावर टेकवा. तपकिरी, घसरणारं तेल ठीक. डांबरासारखं घट्ट किंवा पेट्रोलचा वास मारणारं तेल ठीक नाही. तेल भरायचं झाकण उघडून आत बघा. धातू सोनेरी-तपकिरी दिसला तर मालकाने तेल वेळेवर बदललं आहे. आत काळा चिकट लगदा दिसला तर गाडी कितीही चकचकीत असो, तिचं आयुष्य आतून संपत आलं आहे. कुठलं तेल भरलंय हेही विचारा. ५डब्ल्यू ३० किंवा ०डब्ल्यू २० मागणाऱ्या इंजिनात कुणीतरी जाड २०डब्ल्यू ५० भरलेलं असेल, तर ते आवाज दाबायला भरलेलं असतं. आमच्या गल्लीतले मिस्त्री याला इंजिनाला झोपेची गोळी देणं म्हणतात.

कूलंटची टाकी बघा. रंग स्वच्छ हवा, पाण्याने भरलेली नको. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास येत असेल, तर हेड गॅसकेटची शंका घ्या. मग इंजिन चार-पाच मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि एकदम रेस द्या. मागून निळ्या धुराचा लोट आला तर टर्बोचा किंवा व्हॉल्व्हचा सील तेल गाळतोय.

जमत असेल तर सोबतच्या मिस्त्रीकडून टर्बोला हवा नेणारी नळी काढून घ्या. नळीत तेलाचा हलका ओलावा असणं साहजिक आहे, साचलेलं तेल असणं साहजिक नाही. आतलं चाक दोन बोटांत धरून हलवा. बाजूला किंचित हालचाल चालते, कारण दांडा तेलावर तरंगण्यासाठीच बनवलेला असतो. पुढे-मागे हालचाल जाणवली किंवा पात्याची कड भोवतीच्या कवचाला घासल्याची खूण दिसली तर टर्बो गेला समजा. पाच मिनिटांचं हे काम लाखभराचा खर्च वाचवू शकतं.

रस्ता आणि स्कॅनर

गाडी चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांवर आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. ओढ एकसारखी, लाटेसारखी वर यायला हवी. मध्येच गचके बसले तर प्लग किंवा कॉइल. शिट्टीसारखा बारीक आवाज टर्बोचा असतो, तो चालतो. पण रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज म्हणजे बेअरिंगची तक्रार. हवा गळल्याचा फसफस आवाज आला तर नळी किंवा इंटरकूलर फाटलंय, त्याची दुरुस्ती तुलनेने स्वस्त असते. ड्युअल क्लच असेल तर चढावर अगदी सावकाश सरकवा आणि गाडी थरथरते का ते बघा.

मग स्कॅनर. गाडीच्या डॅशबोर्डखाली जोडायचं छोटं यंत्र आता हजार-दोन हजार रुपयांत मिळतं आणि मोबाईलवर चालतं. पी ०२९९ हा कोड म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. पी ०३०० पासूनचे कोड म्हणजे सिलिंडर चुकतोय. यापेक्षा महत्त्वाची आणखी एक जागा आहे. गाडी स्वतःच्या काही चाचण्या चालता चालता पूर्ण करत असते आणि त्या पूर्ण झाल्या की नाही हे स्कॅनर दाखवतो. कोड एकही नाही, पण बऱ्याचशा चाचण्या अपूर्ण, असं दिसलं तर नुकतेच कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून ठेवली होती. स्वच्छ पाटीवर आजच पाणी फिरवलंय हे त्यावरून कळतं.

चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलही तपासा. मारुतीने २०२३ मध्ये बलेनो आरएसच्या ७,२१३ गाड्या परत बोलावल्या होत्या. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता होती. ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या गाड्या त्यात होत्या. असं काम विनामूल्य होतं, पण आधीच्या मालकाने ते करून घेतलं आहे का, हे विचारणारा पुढचा मालकच असतो.

ऐकीव गोष्ट किती तोलायची

"टर्बो घेऊ नको, माझ्या साडूच्या गाडीचं इंजिन उतरलं." चहाच्या टपरीवर हे ऐकलं की अर्धी माणसं मागे फिरतात. साडूच्या गाडीचं इंजिन खरंच उतरलं असेल, पण त्यातून काय निघतं? ती गाडी कोणत्या वर्षाची, तेल कधी बदललं होतं, त्याच मॉडेलच्या किती गाड्या आपल्या भागात चालतात? खूप विकल्या गेलेल्या गाडीच्या तक्रारीही जास्तच ऐकू येणार. कमी विकलेल्या गाडीबद्दल शांतता असते, ती चांगलेपणाची असेलच असं नाही.

युरोपातल्या प्यूजो आणि सिट्रोएनच्या १.२ प्यूरटेक इंजिनातही तेलातला पट्टा होता आणि त्याने तिथे मोठा मनस्ताप दिला. २०२४ मध्ये मूळ कंपनी स्टेलांटिसला या इंजिनांचं संरक्षण १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवावं लागलं. नंतरच्या आवृत्तीत चेन आली. ही खरी माहिती आहे. पण ती ऐकून "तीन सिलिंडरची सगळी टर्बो इंजिनं कचरा" असं म्हणणं म्हणजे एका गावच्या विहिरीला खारं पाणी लागलं म्हणून तालुक्यातल्या सगळ्या विहिरी बुजवणं. तक्रार ऐकली की तीन गोष्टी विचारा: नेमका कुठला भाग गेला, किती किलोमीटरवर गेला, आणि तोच भाग त्याच सुमारास इतरांचाही गेला का? तिन्ही उत्तरं जुळली तर तो रचनेतला दोष. नाही जुळली तर बहुतेक वेळा ती एका मालकाची गोष्ट असते.

इथेनॉलचाही धसका अनेकांनी घेतला आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तयार असतात. त्याआधीच्या गाड्यांत रबरी नळ्या आणि सील लवकर झिजू शकतात, ॲव्हरेजही थोडं घटतं. दुसरीकडे इथेनॉल ठोका आवरायला मदतच करतं. म्हणून २०२३ च्या आधीची गाडी बघताना पेट्रोलच्या नळ्या हाताने दाबून, चिरा आहेत का ते बघावं, एवढंच.

कागद आणि पैसा

परराज्यातली गाडी घेताना तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. टीएस पाटीवर फिरताना स्वस्त वाटलेली गाडी एमएच २६ होईपर्यंत तेवढी स्वस्त राहत नाही. हा खर्च आणि पहिल्या वर्षाचा तेल, फिल्टर, प्लग, कूलंट यांचा खर्च धरूनच भाव ठरवावा. नवीन गाडीवरचा जीएसटी घटल्यामुळे नव्याचा आजचा भावही एकदा विचारून घ्यावा. दोघांतलं अंतर फार कमी उरलं असेल तर जुनी गाडी कितीही चांगली असली तरी तिथेच थांबावं.

आणि वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालणार असेल, तेही गावातल्या गावात, तर साध्या इंजिनाची गाडी घ्यावी. टर्बो लांबच्या रस्त्यावर, नीट गरम होऊन चालण्यात खुलतो. भावाला महिन्यातून चार वेळा आईला नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागतं. त्याच्या वापराला टर्बो शोभत होता, म्हणून आम्ही शोध सोडला नाही.

दीड महिन्याने उदगीरला गाडी मिळाली. रंग पांढरा, भावाला फारसा न आवडलेला. मीटरवर ६४,००० किलोमीटर, म्हणजे लाल गाडीपेक्षा कितीतरी जास्त. मालक बँकेत नोकरीला, रोज तालुक्याच्या गावी जाऊन-येऊन करणारे. सकाळी साडेसहाला पोहोचलो तर बोनेटवर दव होतं. भावाने स्वतःच झाकण उघडून आत बघितलं. आतला धातू सोनेरी होता. मालकांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आठ हजार किलोमीटरच्या आतबाहेर एकेक करून आठ बिलं, प्रत्येकावर तेलाचा दर्जा लिहिलेला. "गाडी थांबली की मिनिटभर चालू ठेवून मग बंद करतो," ते म्हणाले. आम्ही न विचारताच.

गाडी नावावर झाल्यावर भावाने पहिलं काम केलं ते तेल बदलायचं. ते बिल त्याने त्याच पिशवीत, नवव्या जागी ठेवलं. चार-पाच वर्षांनी कुणीतरी ही गाडी बघायला देगलूरला येईल, पहाटे बोनेटवर हात ठेवेल आणि बिलं मागेल. त्याच्यासाठीचे दात आता आमच्या हातात आहेत.